धनुष्य, कारागीर आणि दुरुस्तीची वाट



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेला माणूस धनुष्यबाणावर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी इतिहासाचा पदवीधर नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले. परंतु हत्यार बिघडले म्हणजे माणसाची काय गत होते, हे मी कातयंत्रापाशी उभा राहून पाहिले आहे. ज्या कारखान्यात मी उमेदवारी केली तेथे नगावर मजुरी मिळे. पान्यांना धार लावून देण्याचे काम टूलरूमकडे असे आणि टूलरूममध्ये माणसे दोन. धारेसाठी दिलेले हत्यार दुपारी परत आले तर सकाळची मजुरी बुडे. आणि शिव्या मात्र त्या दोघा धारवाल्यांना बसत. तेव्हापासून इतिहास वाचताना माझे लक्ष लढाया कोणी जिंकल्या यापेक्षा लढणाऱ्याचे हत्यार कोण नीट करून देत होते, याकडे अधिक जाते. आजचा विषय त्यातूनच निघाला आहे.

दुरुस्तीला टाकलेली वस्तू वेळेवर न मिळणे हे दुखणे आजचे नाही. शिंप्याकडचे कापड, घड्याळजीकडचे घड्याळ आणि सोनाराकडचा दागिना यांच्या खेपा मारून आपल्या चपला झिजतात. पण धनुष्याच्या बाबतीत या उशिराची किंमत फार मोठी होती. दोरी तुटलेला धनुर्धर रणांगणावर नि:शस्त्र होतो. उद्या या, असे त्याला सांगून चालत नाही. म्हणून ज्या ज्या समाजांनी धनुष्यावर आपले राज्य उभे केले, त्यांना कारागिरांचा उशीर आणि हत्याराची निगा या दोन्ही गोष्टींचा नीट विचार करावा लागला. तो विचार त्यांनी कसा केला, हे दोन उदाहरणांवरून पाहू. एक आपल्याकडचे, दुसरे इंग्लंडमधले.

कौटिल्याचा बंदोबस्त

कौटिलीय अर्थशास्त्र हा ग्रंथ कित्येक शतके केवळ नावाने ठाऊक होता. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली त्याची संहिता छापली, आणि पुढे १९६० साली मुंबई विद्यापीठाने रा. प. कंगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती काढली. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराध्यक्षाचे, म्हणजे शस्त्रांच्या कोठाराच्या प्रमुखाचे, काम सांगितले आहे. ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांपासून होणारी धनुष्ये तेथे सांगितली आहेत. दोरी कशाची करावी तर मूर्वा, रुई, ताग, गवेधु, बांबू यांच्या धाग्यांची किंवा स्नायूंची. रुई आणि ताग ही नावे आपल्या खेडेगावातल्या कोणालाही परकी नाहीत.

पण माझ्या दृष्टीने मोलाच्या गोष्टी याच्या मागेपुढे आहेत. शस्त्रे ज्या कारागिरांकडून करून घ्यायची त्यांच्याशी कामाचे प्रमाण, त्याची मुदत, त्याचे वेतन आणि त्यातून निघणारे फळ या चार गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात, असे तो सांगतो. आजच्या कोणत्याही वेतनकरारात याहून निराळी कलमे नसतात! दुसरी गोष्ट निगेची. शस्त्रे एका जागी पडू देऊ नयेत. त्यांची जागा वरचेवर बदलावी, त्यांना ऊन आणि वारा द्यावा, आणि उष्मा, ओल किंवा कीड यांनी खराब होऊ लागलेली वस्तू वेगळ्या रीतीने ठेवावी. ज्याने कोकणातला किंवा मावळातला पावसाळा पाहिला आहे, त्याला या सूचनेचा अर्थ सांगावयास नको. लाकूड, तात आणि सरस यांचा ओल हा वैरीच आहे.

कारागिराने वेळ मोडली तर काय करावे, हे चौथ्या अधिकरणात येते. त्या प्रकरणाचे नाव कारुकरक्षण. रक्षण म्हटल्यावर आपल्याला वाटते, कारागिरांचे रक्षण. प्रत्यक्षात ते कारागिरांपासून लोकांचे रक्षण आहे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, ठरलेले काम करावे. वेळ टळली तर वेतनातून चौथा हिस्सा कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड घ्यावा, असा नियम आहे. परटाने कपडे किती रात्रींत परत द्यावेत, हेदेखील रंगाच्या प्रकारानुसार ठरवून दिले आहे : हलक्या रंगाला पाच रात्री, निळ्याला सहा. म्हणजे काम जितके अवघड तितकी मुदत अधिक, हे तत्त्व त्याने मान्य केले होते. वस्तू हरवली वा नासली तर भरपाई कारागिराने द्यावी, पण दैवी आपत्तीने नासली तर त्याला सूट आहे.

दंडाचा हा वरवंटा मला एकतर्फी वाटतो. साहित्य उशिरा आले, माणसे कमी पडली, तर तो उशीर कोणाचा, हे या नियमात विचारलेले दिसत नाही. परंतु त्याच ग्रंथात संघाने काम घेणाऱ्या मजुरांचा उल्लेख आहे, आणि त्यांनी वेतन ठरल्याप्रमाणे किंवा सारखे वाटून घ्यावे असे म्हटले आहे. संघटित मजूर ही गोष्ट या भूमीत काल परवा आलेली नाही, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

लंडनच्या चार पेढ्या

आता इंग्लंडकडे वळू. चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत इंग्लंडच्या राजांनी फ्रान्सशी जे दीर्घ युद्ध केले, त्यात १३४६ ची क्रेसीची आणि १४१५ ची अ‍ॅजिनकोर्टची लढाई इंग्रज धनुर्धरांमुळे गाजली. त्यांचे धनुष्य पुरुषभर उंचीचे, एकाच लाकडातून काढलेले. त्यासाठी उत्तम लाकूड यू नावाच्या झाडाचे. या लाकडात निसर्गानेच दोन थर जोडून दिलेले आहेत. सालीलगतचा पांढरट थर ताण सोसतो आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो. कारागीर दांडा असा काढतो की पांढरा थर धनुष्याच्या पाठीला येतो आणि गाभा पोटाला. मग थोडे थोडे घासायचे, थोडे वाकवून पाहायचे, दोन्ही भुजा सारख्या वाकतात की नाही हे बघायचे आणि पुन्हा घासायचे. एका बाजूने जरा जास्त घासले गेले की धनुष्य कायमचे बिघडले.

हे काम लंडनमध्ये किती हातांत वाटले गेले होते ते पाहा. धनुष्य घडविणारे आणि बाणाला पिसे लावून तो सिद्ध करणारे यांचा पूर्वी एकच संघ होता. १३७१ साली बाणवाल्यांच्या अर्जावरून तो वेगळा झाला, आणि एका माणसाने दोन्ही धंदे करू नयेत असे ठरले. ज्याला जो धंदा हवा तो त्याने निवडावा आणि दुसरा सोडावा. दोरी वळणाऱ्यांचा संघ आणखी वेगळा. बाणाचे पोलादी फाळ घडविणारा लोहार चौथा. प्रत्येकाचे हक्क राखले गेले, कसब वाढले, हे खरेच आहे. परंतु ज्याचे धनुष्य नडले त्या बिचाऱ्याची कल्पना करा. त्याला एकाच हत्यारासाठी चार पेढ्या चढाव्या लागत. आणि धनुष्यवाल्याने दोरीकडे बोट दाखवावे, दोरीवाल्याने धनुष्याकडे, हे आपण आजही रोज पाहतो.

उशिराचे आणखी एक कारण तेथल्या संघांच्या नियमांतच आहे. लंडनच्या कित्येक धंद्यांत रात्रीचे काम निषिद्ध असे. घोडेस्वाराच्या टाचेचे काटे करणाऱ्यांचा १३४५ चा नियम प्रसिद्ध आहे : दिवस उगवल्यापासून ठराविक घंटा होईपर्यंतच काम करावे, कारण रात्रीच्या अंधुक उजेडात खोटे काम खपविले जाते. गिऱ्हाइकाला हा उशीर वाटे. पण त्याच नियमाने गिऱ्हाइकाला चांगला माल मिळे आणि कारागिराला रात्रीची झोप मिळे. कामाच्या तासांवर मर्यादा घातली की माल बिघडत नाही, उलट सुधारतो, ही गोष्ट आठ तासांच्या मागणीच्या पाचशे वर्षे आधीच लोकांना कळून चुकली होती.

राजाचे कायदे

इंग्लंडच्या राजसत्तेने हा प्रश्न कायद्याने सोडवायचा प्रयत्न केला. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने सणावारी चेंडू वगैरे खेळ सोडून नेमबाजीचा सराव करण्याची आज्ञा काढली. १४०६ च्या सुमारास कायदा झाला की बाणांचे फाळ नीट कठीण केलेले असावेत आणि त्यांवर घडविणाऱ्याची खूण असावी. खूण असली की खोटे काम कोणाचे ते कळते. १४१६ मध्ये तर एक मोठी मौजेची गोष्ट झाली. बाणाच्या काडीसाठी लागणारे अ‍ॅस्पेनचे लाकूड लाकडी खडावा करणारे वापरून टाकतात, अशी बाणवाल्यांची तक्रार होती; तेव्हा खडावा करणाऱ्यांना त्या लाकडाची बंदीच झाली. दोन धंद्यांतले भांडण राजाने एकाच्या बाजूने निकालात काढले. पुढच्याच वर्षी पाचव्या हेन्रीने प्रांताधिकाऱ्यांना हुकूम पाठविला की प्रत्येक पाळीव हंसाच्या पंखातली सहा पिसे बाणांसाठी गोळा करा.

खरी अडचण लाकडाची होती. इंग्लंडातला यू पुरेना, म्हणून परदेशातून दांडे येत आणि त्यांचा भाव व्यापाऱ्यांच्या हाती. १४७२ च्या कायद्याने जहाजांवर सक्ती झाली की मालाच्या प्रत्येक टनामागे चार दांडे आणलेच पाहिजेत. १४८२ मध्ये यूच्या धनुष्याची कमाल किंमत तीन शिलिंग चार पेन्स ठरविली. आणि दोनच वर्षांनी, १४८४ च्या कायद्यात, सरकारनेच तक्रार नोंदविली की जे दांडे पूर्वी शेकडा दोन पौंडांना मिळत ते इटालियन व्यापाऱ्यांनी आठ पौंडांवर नेले. म्हणून मद्याच्या प्रत्येक पिंपामागे दहा दांडे आणावेत आणि माल न निवडता विकू नये, असा नियम केला.

या आकड्यांकडे जरा कारागिराच्या बाजूने बघा. कच्चा माल चौपट महाग झाला आणि पक्क्या मालाची किंमत कायद्याने बांधलेली. अशा कोंडीत सापडलेला धनुष्यवाला काय करील? एक तर तो काम मागे टाकील, नाहीतर लाकूड पुरते सुकण्याआधीच घाईने माल विकून मोकळा होईल. तो उशीर करतो म्हणून गिऱ्हाईक ओरडते आणि घाई करतो म्हणून माल मोडतो. दोन्ही वेळा दोष त्याच्याच माथी. दुकानाच्या दारात दिसणारा माणूस तोच असतो. बंदरावर दांड्यांचा भाव ठरविणारा सावकार गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही.

आठव्या हेन्रीच्या १५४१-४२ च्या कायद्यात मात्र एक कलम खरोखर मर्माचे आहे. ज्या गावांत धनुष्यवाला, बाणवाला, दोरीवाला, फाळवाला नाही, तेथे जाऊन राहण्याचा हुकूम अशा कारागिरांना करता येईल. लंडन संघाच्या सभासदांना तेवढा अपवाद. हुकूम सक्तीचा आणि गरिबांवरच पडणारा, म्हणून त्याची पद्धत मला पटत नाही. पण निदान अचूक आहे. दुरुस्तीला उशीर होतो तो पुष्कळदा कारागीर आळशी म्हणून होत नाही. दहा गावांत मिळून एकच कारागीर असतो म्हणून होतो.

दोरी, मेण आणि लोकरीचे फडके

कायद्यांची ही रांग एकीकडे आणि १५४५ साली निघालेले एक पुस्तक दुसरीकडे. रॉजर अ‍ॅस्कम हा केंब्रिजचा पंडित. पुढे तो राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. लॅटिन आणि ग्रीक हातचा मळ असताना त्याने 'टॉक्सोफिलस' हे धनुर्विद्येवरचे पुस्तक मुद्दाम इंग्रजीत लिहिले, कारण ते साध्या माणसांनी वाचावे अशी त्याची इच्छा होती. राजाने त्याबद्दल त्याला सालिना दहा पौंड बांधून दिले. ज्ञान लोकभाषेत आणण्याची थोरवी ज्ञानेश्वरीच्या प्रदेशात मी वेगळी सांगायला नको.

या पुस्तकात हत्याराच्या निगेचे जे सांगितले आहे, ते वाचताना एखादा जुना फिटर बोलत आहे असे वाटते. धनुष्य मेण लावलेल्या लोकरीच्या फडक्याने रोज घासावे, ते चकाकले पाहिजे. ते ओलीत ठेवू नये. दोरी फार आखूड किंवा फार लांब असली तर दोन्ही वेळा धनुष्याला धोका असतो, म्हणून माप पाहून घ्यावी. जाड दोरी अधिक भरवशाची, बारीक दोरी बाण दूर नेणारी. धनुष्याच्या लाकडात टाचणीच्या टोकाएवढ्या खळग्या दिसू लागल्या तर तेथेच दुखणे सुरू झाले असे समजावे. आजूबाजूचे लाकूड किंचित घासून हलके करावे, म्हणजे वाकण्याचा भार त्या दुबळ्या जागेवरून पसरतो. दुखणे लहान असतानाच ओळखण्याची ही दृष्टी पैसे देऊन मिळत नाही. रोज हात फिरविला तरच ती येते.

कारागिरांविषयीही तो स्पष्ट बोलतो. धनुष्यवाल्यांनी लाकूड पुरते मुरू द्यावे, ऊब द्यावी, पुन:पुन्हा वाकवून तपासावे. विक्रीच्या घाईने कच्चा माल देऊ नये, असे त्याचे म्हणणे. म्हणजे ज्याला आपण उशीर म्हणतो त्यातला काही उशीर लाकडाचा स्वत:चा असतो. शिंग, लाकूड आणि तात सरसाने जोडून केलेल्या तुर्की धनुष्यांची गोष्ट तर याहून अवघड. त्यांचा सरस वाळायलाच महिने लागत. तो वेळ मागून घेणारा कारागीर प्रामाणिक असतो. आणि दोरीविषयी अ‍ॅस्कम म्हणतो की चांगली दोरी कोणती, हे सामान्य माणसाला डोळ्यांनी कळत नाही. तेथे प्रामाणिक दोरीवाल्यावर विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणूनच सरकारी तपासनिसांनी धनुष्यवाल्यापेक्षा आणि बाणवाल्यापेक्षा दोरीवाल्यावर अधिक नजर ठेवावी. केवढी शहाणी वाटणी आहे ही! जे आपल्याला दिसते ते आपण सांभाळावे. जे दिसत नाही त्याची तपासणी समाजाने करावी.

दोरी कोरडी ठेवण्याचे महत्त्व क्रेसीला दिसून आले होते. लढाईच्या तोंडावर पावसाची सर आली. इंग्रज धनुर्धरांनी दोऱ्या काढून डोक्यावर टोपीखाली ठेवल्या आणि सर ओसरल्यावर पुन्हा चढविल्या, असे ज्याँ द व्हनेत या फ्रेंच बखरकाराने लिहून ठेवले आहे. जिनोव्याहून आणलेल्या भाडोत्री सैनिकांच्या यांत्रिक धनुष्यांच्या दोऱ्या अशा सहज उतरविता येत नव्हत्या, त्या भिजल्या. ज्याचे हत्यार त्याच्याच हाताने सुटते आणि जुळते, त्याला आकाशातल्या ढगाचेही भय कमी.

अ‍ॅस्कमचे पुस्तक निघाले त्याच साली, १९ जुलै १५४५ रोजी, 'मेरी रोझ' हे राजाचे युद्धनौकांतले मानाचे जहाज बुडाले. ते ११ ऑक्टोबर १९८२ ला समुद्रातून वर काढले. त्यात १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांवर बाण मिळाले. बाणांची पिसे एकमेकांवर घासू नयेत म्हणून चोवीस भोके पाडलेल्या कातडी चकत्या मिळाल्या. एकेका चकतीत चोवीस बाणांची जुडी बसे. मनगटावर बांधायचे पट्टेही मिळाले. पाहणाऱ्याला त्यात राजाचे वैभव दिसेल. मला त्या कातडी चकतीत पिसे जपणारा कोणी अनामिक हात दिसतो.

पुढे १५९५ मध्ये राणीच्या मंत्रिमंडळाने लष्करी तुकड्यांतून धनुष्य काढून बंदुका देण्याचा हुकूम दिला आणि या चारही धंद्यांचे दिवस पालटले.

आज काय घ्यावे

आपल्याकडे मात्र धनुष्य पुन्हा पोरांच्या हातात आले आहे. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते झाले. ही धनुष्ये बांबूची नव्हेत. धातूची, तंतूंची, चाकांची आहेत. तालुक्याच्या गावी ती दुरुस्त करणारा मिळणे कठीण. तरीही निगेचे नियम फारसे बदललेले नाहीत. दोरीला मेण लावावे. तिचे तंतू पिंजलेले दिसले तर ती बदलावी. साधे धनुष्य सराव संपताच उतरवून ठेवावे. बाणाशिवाय दोरी ओढून कधीही सोडू नये. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी जरा वाकवून, बारीक तडकण्याचा आवाज येतो का ते पाहावे, आणि आला तर तो पुन्हा चढवू नये, कारण सोडताना फुटलेला बाण हातात घुसतो. दुसरी दोरी आधीच वापरून, बसवून तयार ठेवावी. परंतु चाकाच्या धनुष्याची दोरी घरी खटपट करून काढू नये. त्याला भुजा दाबून धरणारे यंत्र लागते. ते काम जाणत्याकडेच न्यावे, आणि नेताना हंगामाच्या आधी, काम लिहून, मुदत ठरवून न्यावे. कौटिल्याच्या चार अटी येथेही लागू आहेत.

एक धोका सांगून संपवितो. आपले हत्यार आपण सांभाळावे, हे वाक्य मालकांनाही फार आवडते. एका कारखान्यात त्याच वाक्याच्या आधारे फलक लागला की यंत्रांची साफसफाई आणि तेलपाणी कामगारांनी पाळी सुटल्यावर करावे. मजुरी काही नाही. आम्ही म्हणालो, तेलपाणी आम्ही आनंदाने करू, कारण यंत्र आमच्या हाताला कळते. पण तो अर्धा तास पाळीतच धरला पाहिजे, आणि टूलरूममध्ये आणखी दोन माणसे आली पाहिजेत. तीन महिने बोलणी चालली. शेवटी दोन्ही गोष्टी झाल्या. तेव्हापासून यंत्रे बंद पडणे कमी झाले, आणि धारवाल्यांना शिव्या बसणेही थांबले.

तेव्हा, मित्रहो, दुरुस्तीच्या दुकानात उशीर झाला तर रागावण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. हा उशीर लाकडाचा आहे, कारागिराचा आहे, की कारागिराला साहित्य आणि माणसे न देणाऱ्याचा आहे? आणि यातले किती काम मीच, मेणाचे फडके हाती घेऊन, वेळेवर करू शकलो असतो? या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याची सवय लागली, तर गिऱ्हाईक आणि कारागीर एकमेकांचे वैरी राहणार नाहीत.